अण्णांना पत्र: सोनीच्या नर्सिंगबद्दल

बर्मिंगहॅम

तीर्थरूप अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोनीला नीटमध्ये मार्क कमी पडले तर नर्सिंगला घालावं का, आणि पुढं तुझ्याकडं पाठवावं का, असं तुम्ही विचारलंत. मागून दादा "पाठवायचंच!" म्हणून ओरडत होता, त्यामुळं फोनवर धड बोलता आलं नाही.

इथं नर्स कमी आहेत हे खरं. आमचा वॉर्ड केरळ, फिलिपिन्स आणि आफ्रिकेतून आलेल्या बायांवरच चालतो. त्यातली एक झिंबाब्वेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये 55 देशांची यादी काढली. तिथं मुळातच डॉक्टर-नर्स इतके थोडे, की श्रीमंत देशांनी तिकडं जाऊन भरती करू नये. झिंबाब्वे, नायजेरिया, घाना त्यात आहेत, आपल्या शेजारचा नेपाळही आहे. इथल्या एजन्सीला झिंबाब्वेत जाऊन भरती करता येत नाही. पण कुणी आपणहून अर्ज केला तर चालतं, तशी ती आली. जगातल्या आजारांचा 24 टक्के भार आफ्रिकेवर आणि आरोग्य कर्मचारी 3 टक्के, हे याच संघटनेनं 2006 सालीच सांगून ठेवलं होतं. तरी तिथल्या पोरी इथं येतातच. मीही आलेच की.

भारत त्या यादीत नाही. अख्ख्या देशाची सरासरी काढली की आपल्याकडं चित्र बरं दिसतं. त्या सरासरीत केरळही येतं आणि आपला केज-धारूरचा भागही.

शिकणाऱ्यांची कमी आपल्याकडं नाहीच, अण्णा. लातुरात गल्लोगल्ली क्लास आहेत, दरवर्षी केवढी पोरं तिथून डॉक्टर व्हायला जातात! पण केंद्र सरकारचेच 2021-22 चे आकडे बघा. ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी, सर्जन, बाळंतपणाचे, लहान मुलांचे आणि फिजिशियन मिळून जेवढे तज्ज्ञ हवेत, त्यातले जवळपास 80 टक्के देशभरात नव्हतेच. म्हणून तर बाई अडली की "अंबाजोगाईला न्या" म्हणतात. 5,000 लोकांमागं एक उपकेंद्र हा कागदावरचा नियम. आपल्या गावात त्याची इमारत झाली, फरशी बसली, सिस्टरची जागा मात्र रिकामीच. आणि नर्सिंग झालेल्या कितीतरी पोरी घरी बसून आहेत किंवा खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतात.

मी काही हौसेनं निघाले नाही. तिकडं 11 महिन्यांची कंत्राटी ऑर्डर, मग खंड, मग परत नवी ऑर्डर. रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर. दिवसा एका नर्सकडं आठाच्या वर पेशंट गेले तर जोखीम वाढते, असं इथल्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो आकडा इथंही रोज पाळला जातो असं नाही. पण मोडला तर लिहून देता येतं, आणि ते कुणीतरी वाचतं. आपल्याकडं लिहायचं कुणाला?

तुम्ही जामखेडच्या आरोळे डॉक्टरांचं नेहमी सांगायचात. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 साली तिथं आले आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायांना गावच्या आरोग्यसेविका केलं. त्यांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे आपल्याच मातीत हे जमलेलं आहे. 2005 पासूनच्या आशाताईही गावातल्याच. पण त्यांना पगार नाही, मोबदला आहे. बाईनं सेवा म्हणून करावं आणि वर हसतमुखही राहावं, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

तर सोनीला नर्सिंगला जरूर घाला. सरकारी कॉलेजात बीएस्सी मिळालं तर फारच चांगलं. परदेशाचं आत्ताच तिच्या डोक्यात भरू नका. शिकून आधी तिकडच्या सरकारी दवाखान्यात काम करू दे, इथंही अनुभव विचारतातच. मग तिला वाटलं तर येऊ दे. कायमची जागा मिळाली तर तिला यावंसं वाटणारही नाही, आणि तसं झालं तर मला आनंदच होईल.

आणखी एक. कुणी एजंट घरी येऊन लाखभर भरा म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. इथल्या भरतीच्या नियमांत एजन्सीनं नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई आहे. दादा त्यासाठी विहिरीकडचं रान गहाण टाकायचं काढणार, मला माहीत आहे. कागदावर सही करण्याआधी त्याला मला फोन करायला लावा.

आईच्या बीपीच्या गोळ्यांचे पैसे टाकलेत. तिला नमस्कार.

तुमची,
शोभा