कळसूबाईचा चॅरिटी ट्रेक आणि आमचा फ्लेक्स

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली पेपरात कुठल्या ना कुठल्या चॅरिटी वॉकचा फोटो असतोच, सगळे एका रंगाच्या टीशर्टात, मागे बॅनर, मध्ये पाहुणे. नावं ठेवायला लिहीत नाहीये, कारण तीन वर्षांपूर्वी असाच फोटो आम्हीपण काढलाय, फक्त तो छापून आला नाही (बरंच झालं).

आमचा एक दोस्त होता. ग्रुपमध्ये सगळे मास्तर म्हणायचे, शाळेशी काडीचा संबंध नाही, फ्लेक्स छापायचं दुकान होतं त्याचं, पण डोंगरात कोणी वाट सोडून गेलं की असा ओरडायचा की ते नावच पडलं. कळसूबाई त्याने किती वेळा केलं याचा हिशोब त्यालाही नव्हता. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर वगैरे आम्ही नव्या पोरांना सांगायला लागलो की म्हणायचा, आकडे राहू द्या, पायथ्याच्या बारी गावातून अंधारात निघा, शिड्या संपायच्या आत उजाडलं पाहिजे. वरच्या विहिरीपाशी स्टोव्ह पेटवून सगळ्यांना चहा, आणि सगळ्यांचं पाणी याच्याच पाठीवर.

मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि पाणी मोजून. दहा जणांचं पाणी वाहणारा माणूस बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. शेवटच्या हिवाळ्यात आम्ही शिखरावरून व्हिडिओ कॉल लावला, हा तिकडे डायलिसिसच्या बेडवर, तर म्हणे तुमची थोबाडं नका दाखवू, भंडारदऱ्याचं पाणी दाखवा, प्यायला नाही तर बघायला तरी मिळू दे. रेंज जाईपर्यंत बघत होता.

तो गेल्यावर त्याच्या नावाने ट्रेक काढायचा आणि डायलिसिसच्या पेशंटसाठी पैसे जमवायचे असं ठरलं. लोकांनी भरभरून दिले, कोणी पाचशे, कोणी पाच हजार. आणि आम्ही काय केलं, तर टीशर्ट, मेडल, नाश्त्याचे बॉक्स, पाण्याच्या बाटल्या, ड्रोनवाला. वर फ्लेक्स, तोही त्याच्याच दुकानात छापून घेतलेला. हाच माणूस दुसऱ्यांचे श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापताना म्हणायचा, माझा लावलात तर भूत होऊन येईन! रात्री हिशोबाला बसलो तर निम्म्याहून जास्त पैसे आमच्याच अंगावर आणि पोटात गेलेले. कोणी बोलेना.

त्यात परत येताना वाटेत आमच्याच बाटल्या पडलेल्या दिसल्या. कळसूबाईची गोष्ट त्या भागात सगळ्यांना माहिती आहे, ती कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला राहिली ती एका अटीवर, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. तेच करायला लावलं तेव्हा घर सोडून डोंगरावर निघून गेली. आता जी बाई केर काढायला नको म्हणून वर जाऊन बसली तिच्या दारात आम्ही कचरा करून आलो, आणि ते सुद्धा पुण्य कमवायला गेलो असताना.

दुसऱ्या वर्षी वहिनींनाच विचारलं की पैसे कुठे लागतात. आम्हाला वाटलं औषधं, मशीन असं काही सांगतील. त्या म्हणाल्या जीप. बऱ्याच जणांचं डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, पण शेवटची पाळी रात्री सुटते, तोवर गावाकडची एसटी गेलेली असते, आणि चार तासांनंतर माणसाच्या अंगात स्टँडपर्यंत चालायचा जीव नसतो. शेजारच्या बेडवरचे एक आजोबा तीनातली एक पाळी चुकवायला लागले होते, कारण काय तर जीपचं भाडं. हे वहिनी तिथे रोज बघत होत्या आणि आम्ही भेटायला जाऊन सफरचंदं ठेवून येत होतो. (सफरचंदसुद्धा किती खायचं ते डॉक्टरला विचारूनच, हे आम्हाला नंतर कळलं.)

तेव्हापासून टीशर्ट बंद. ज्याने त्याने आपल्या खर्चाने यायचं, आपली बाटली आणायची, बारीत एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगायची आणि ते पैसे खिशातले, जमलेल्यातले नाहीत. जमलेली रक्कम सगळी जीपवाल्याला, महिन्याच्या महिन्याला, आणि हिशोबाचा कागद ग्रुपवर. माणसं कमी झाली हे खरंय. मेडल नाही म्हटल्यावर काहींनी सरळ विचारलं मग यायचं कशाला. पण पैसे पहिल्या वर्षीपेक्षा जास्त पोचले.

तुम्हाला विनंती एवढीच, अशा ट्रेकची बातमी लावताना जमले किती याच्याबरोबर खर्च किती झाला हेही आयोजकांना विचारून छापा. आम्हाला पहिल्या वर्षी कोणी विचारलं असतं तर तोंड लपवायला जागा मिळाली नसती, पण दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागलं नसतं.

यंदा डिसेंबरात परत जाणार आहोत. वहिनी मागच्या खेपेला पहिल्या शिडीपर्यंत आल्या होत्या, खाली बघितलं आणि तिथेच बसल्या. यावेळी वर येणार म्हणतायत, स्टोव्ह त्यांच्याकडेच आहे.

– मास्तरच्या ग्रुपमधला एक, नाशिकरोड