शेवग्याची वाळकी फांदी

कोल्हापूर,
६ एप्रिल

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परसातल्या शेवग्याची वाळकी फांदी मी तोडलेली नाही आणि मे संपेपर्यंत तोडणारही नाही. दादाने दोनदा आठवण केली, बाबा, तुम्हीही केलीत. वळवात ती शेडच्या पत्र्यावर पडेल ही तुमची काळजी खरी आहे. पण फोनवर मला ते नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात धुण्याच्या दगडावर रोज सकाळी बारीक भुसा पडलेला असायचा. मला वाटलं, भुंगा लागला. झाडून टाकायचे, की दुसऱ्या दिवशी परत तेवढाच. एकदा दगडापाशी उभी राहून वर बघितलं, तर फांदीच्या खालच्या अंगाला चहाच्या लहान कपाच्या तोंडाएवढं गोल भोक आणि त्यातून बाहेर आलेलं एक डोकं. चोचीत भुसा. मानेला एक हिसडा देऊन त्याने तो उडवला आणि परत आत. थोडा माझ्या केसांवरही पडला. मग तो बाहेर येऊन फांदीला बिलगून बसला, तेव्हा सगळा दिसला. चिमणीहून जरा थोराड, पाठ हिरवी, कपाळावर मळवट भरल्यासारखा लाल पट्टा, गळा पिवळा, पाय लालभडक. तांबट!

बाबा, आता हे खास तुमच्यासाठी. उन्हाळ्यात टुक, टुक, टुक असा एकसारखा आवाज यायचा आणि तुम्ही म्हणायचा, "उद्यमनगरात सुट्टीच्या दिवशीही कुणाची तरी हातोडी चालू आहे बघ." चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस सांगतोय म्हणजे तसंच असणार, असं धरून मी मोठी झाले. तो आवाज ह्याचा. तांब्याचा पत्रा ठोकल्यासारखा वाजतो म्हणून तर त्याचं नाव तांबट. तुमचा कान चुकला नव्हता. ज्यांनी हे नाव ठेवलं, त्यांनाही तेच ऐकू आलं होतं.

ओरडताना चोच मिटलेलीच असते, नुसता गळा फुगतो आणि बसतो. शिवाय तो मान इकडून तिकडे फिरवत राहतो, म्हणून आवाज घटकेत शेजारच्या गच्चीवरून आल्यासारखा वाटतो, घटकेत आपल्या झाडावरून. परवा एका दमात मी ८७ ठोके मोजले, मग दूध उतू गेलं.

नर आणि मादी दिसायला सारखीच. दोघंही कोरतात, दोघंही अंड्यांवर बसतात. भोक फांदीच्या खालून असल्याने पावसाचं पाणी आत जात नाही. चोच जाड असली तरी कोवळ्या, ओल्या लाकडात त्यांना कोरता येत नाही, वाळून मऊ झालेलंच लागतं. आपल्या अख्ख्या परसात घर करण्याजोगी एवढी एकच फांदी होती. भुसा आता थांबलाय आणि एक जण आत गेला की दुसरा बाहेर पडतो, म्हणजे अंडी घातली असावीत. ती फुटायला दोन आठवडे आणि पिल्लं उडायला त्यापुढे महिनाभर तरी. दगड मी नळापाशी सरकवून घेतलाय, दोरी गच्चीत बांधलीय आणि स्कूटर शेडऐवजी पुढच्या दारात लावते. पत्रा फुटला तर नवा घालू. खर्च माझा.

हे बघायचं वेड मला नोव्हेंबरात लागलं. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह असतो. तेव्हा ऑफिसातल्या चौघी रंकाळ्यावर जायचं म्हणाल्या आणि मी गेले. त्या आठवड्याने थांबल्या, मी अजून जाते. तुमच्याच वाटेने, पेठेतून निघून पदपथावरून संध्यामठ दिसतो तिथवर.

आई, काळ्या अंगाचे आणि कपाळापासून चोचीपर्यंत पांढरेशुभ्र असे पक्षी तिथे पाण्यावर असतात ना, ज्यांना तू बदकं म्हणायचीस, त्यांचं मराठी नाव वारकरी आहे. गंध लावून निघालेल्या दिंडीसारखे ते थव्याने पुढे सरकतात. तू पाहशील तेव्हा तुला ते पटेल. जलपर्णीवरून जांभळी पाणकोंबडी लांबलांब बोटं टाकत चालते. खंड्या ठरलेल्या तारेवर बसतो. हरियाल, आपला राज्यपक्षी, अजून दिसलेला नाही. वड पिकला की शोधणार आहे.

एक गोष्ट मात्र मला तिथे चालताना उशिरा कळली. बाबा, तुम्ही दर थोड्या अंतरावर कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत उभे राहायचा. मी कॉलेजात असताना एक-दोनदा बरोबर आले, तेव्हा त्या थांबण्याने वैतागायचे. तुम्हाला दम लागत नव्हता. आईचा गुडघा तेव्हापासूनच दुखत होता आणि ती मागे राहते असं तिला वाटू नये, म्हणून तुम्ही पाणी बघायचा. आता मी त्याच जागांवर थांबते. खंड्या मला तिथेच पहिल्यांदा दिसला. कठड्यावरचे तुमचे सोबती रोज विचारतात, "आईचं ऑपरेशन नीट झालं का? कधी येणार दोघं?" मी सांगते, डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली की.

आई, व्यायाम चुकवू नकोस. पुण्यातही सकाळी दयाळ शीळ घालत असणार, खिडकी उघडून ऐक. पांढरा-काळा असतो, शेपटी उभी करतो.

आणि बाबा, पन्हाळ्यावरून आम्हाला जोतिबाचा डोंगर दाखवायला तुम्ही घेतलेली दुर्बीण दादाकडे माळ्यावर आहे. येताना ती आठवणीने आणा. तुमची खुर्ची मी मागच्या दारात ठेवलीय. तिथून भोक सरळ दिसतं आणि नऊपर्यंत ऊन येत नाही.

तुमची,
धाकटी