हिप-हॉपमागची बहीण

संपादक महोदय,

हिप-हॉपचा, म्हणजे तालावर झरझर शब्द म्हणायच्या रॅप संगीताचा, विषय निघाला की आमच्या पिढीतले लोक ‘नुसती बडबड’ म्हणून मोकळे होतात. मीही त्यातलाच. पण या बडबडीच्या मुळाशी शाळेच्या कपड्यांचा खर्च होता, हे कळल्यावर जरा वरमलो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला थोरला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. जन्म जमैकाचा, वय १८. नाचणारी मुलं गाण्यातल्या फक्त तालाच्या तुकड्याची वाट पाहतात, हे त्याने हेरलं होतं. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर (तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर) ठेवून तो काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवू लागला. तबकडीच वाद्य झाली, आणि याच लांबवलेल्या तालावर हिप-हॉप उभं राहिलं! (आमच्याकडे तबकडीवर ओरखडा उठला तर मार बसायचा.)

तेव्हाचं ब्रॉन्क्स म्हणजे महामार्गाने चिरलेल्या वस्त्या आणि जळकी घरं. तिथला हा ताल आज धारावीतली पोरं आपल्या बोलीत उचलतात, यात नवल नाही.

हर्कला ‘हिप-हॉपचा जनक’ म्हणतात, ते योग्यच. पण खोली मिळवणारी, पैशांचा हिशेब पाहणारी सिंडी मात्र बहुतेक लेखांत एका ओळीत उरकली जाते.

– एक वाचक, ठाणे