कराची, संप आणि परवाचा फोन

नाशिक
१२ जुलै २०२५

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन कट झाला असं वहिनी म्हणाल्या. तो आपटल्याचा आवाज मी ओळखतो, पण असो. फोनवर आपण दोघंही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

'देशावर संकट असताना संप करणारे तुम्ही लोक' असं तू म्हणालास. आधी तारखा बघ. देशव्यापी संप ठरला होता २० मेला. पहलगामचा दहशतवादी हल्ला आणि त्यानंतरची परिस्थिती पाहून केंद्रीय कामगार संघटनांनी तो आपणहून ९ जुलैवर ढकलला. पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाली १० मेला. म्हणजे तोफा थांबल्यावर दोन महिन्यांनी माणसं रस्त्यावर आली, तरी तुझ्या लेखी ती गद्दारच. मग तूच सांग, यांनी खाजगीकरणाविरुद्ध बोलायचं कधी?

तुझा राग मला कळत नाही असं नाही. पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा महाराष्ट्रातले, त्यातले तिघे तुमच्या डोंबिवलीचे. तू अंत्ययात्रेत चालत गेला होतास. मी नाशकात बसून पाहत होतो, हा फरक मला मान्य आहे. ७ मेच्या पहाटे आपण पाकिस्तानात हल्ला केल्याची बातमी आली तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. आपलं भांडण सैन्यावरून नाहीच. ते ८ मेच्या रात्रीवरून आहे.

त्या रात्री तू मला एकामागून एक व्हिडिओ पाठवत होतास. कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबाद पडलं, पाकिस्तानचा लष्करप्रमुख अटकेत! सगळं मोठ्या वाहिन्यांवरचं, सूटबूट घालून ओरडून सांगितलेलं. पाठीमागे भोंगा वाजतोय. तो इतका वाजवला की शेवटी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं, नागरी संरक्षणाचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, उद्या खरा वाजला तर लोक उठणार नाहीत. पलीकडच्या वाहिन्या काही कमी नव्हत्या, पण त्यांचं त्यांच्यापाशी. मी तुला एवढंच लिहिलं होतं, 'नौदलाने सांगितलंय का?' त्यावर तुझं उत्तर, 'तुला पुरावे हवेत ना? जा तिकडे.'

बंड्या, कराची खरंच जळली होती ती ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री. क्षेपणास्त्र नौका गुजरातच्या किनाऱ्यावरून गेल्या आणि काम करून परत आल्या. आपण तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवत होतो. नौदल दिन त्याच तारखेला असतो. यंदा मात्र ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाचे अधिकारी म्हणाले की ताफा सज्ज होता, कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर आम्ही ठरवू तेव्हा मारा करण्याच्या तयारीत होता. तयारीत होता. एवढ्या शिस्तीने थांबलेल्या नौदलाच्या नावावर वाहिन्यांनी न केलेला हल्ला चिकटवला, आणि त्याबद्दल माफी मागायला किती जण पुढे आले ते तू पाहिलंसच. आपली विमानं पडली का, हे विचारणाऱ्यांनाही देशद्रोही ठरवून झालं. ३१ मेला सिंगापूरला खुद्द संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी विमानं पडल्याचं मान्य केलं. आकडा दिला नाही, पण चूक काय झाली ते शोधलं, सुधारलं आणि पुन्हा उड्डाणं केली, असं सांगितलं. सेनापतीला जे बोलायला लाज वाटली नाही, ते आपण ऐकायला का घाबरावं?

आता विजेचं. इथे मी जन्मभर वीज मंडळाचं मीठ खाल्लंय, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घे. खाजगी कंपनीने वीजगळती रोखली, हे भिवंडीचं तुझं उदाहरण बरोबर आहे. २००७ मध्ये फ्रँचायझी, म्हणजे वीजवाटप आणि वसुलीचा ठेका घेतलेली खाजगी कंपनी, आली तेव्हा तिथली अर्ध्याहून जास्त वीज गळतीत आणि बुडीत जायची. वीजचोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे, मीटरमधली फेरफार, जळकी रोहित्रं. वसुलीला गेलेल्या वायरमनला मार खायला लागायचा. काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आत आली. जे आम्हाला जमलं नाही ते त्यांनी केलं. पण हाच प्रयोग नागपूर, औरंगाबाद, जळगावलाही झाला, आणि तिन्ही ठिकाणी मुदतीआधी गुंडाळून शहरं परत महावितरणच्या गळ्यात आली. ती नावं तुझ्या फॉरवर्डमध्ये नसतात.

आणि ४ जानेवारी २०२३ चा संप, ज्याला तू 'कामचुकारांचा' म्हणतोस, तो कशावरून होता? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, तळोजा या पट्ट्यासाठी समांतर परवान्याचा, म्हणजे महावितरणच्याच हद्दीत खाजगी कंपनीने वीज विकण्याचा, अर्ज आला होता. म्हणजे कारखाने, मॉल, टॉवर, वेळेवर बिल भरणारी गिऱ्हाइकं. या लोकांच्या चढ्या दरातूनच विदर्भ-मराठवाड्यातल्या कृषीपंपांचा आणि गरीब घरांचा भार उचलला जातो. दुधावरची साय एकाने न्यायची, आणि गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यात खांब उभे करायला महावितरण. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला, तरी लोक हटले नाहीत. त्याच दिवशी फडणवीसांनी चर्चा केली, खाजगीकरण करणार नाही असं आश्वासन दिलं आणि संप मिटला. तेव्हा यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नसावं.

स्पर्धा आली की दर उतरतात हे तुझं तत्त्व मी उडवून लावत नाही. मला फक्त आधी करार वाचायचा असतो. एनरॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो? एनरॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणत १९९५ ला सरकार आलं, त्याने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी प्रकल्प आणखी मोठा करून परत आणला. वीज घ्या की नका घेऊ, स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. तेव्हाही शंका काढणारे 'विकासविरोधी' होते. २००१ ला मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच डिसेंबरात एनरॉन दिवाळखोरीत गेली. त्या काळात आमच्या ऑफिसात साधे फ्यूज मागवायचे तरी तीन सह्या लागत.

तू मला डावा म्हणतोस. मी डावा नाही रे, आयुष्यभर मीटर रीडिंग तपासलेला माणूस आहे. वाहिनी असो की ऊर्जा खातं, 'आधी टाळ्या वाजवा, कागद नंतर दाखवू' म्हणालं की माझा हात उठत नाही. तुझा उठतो. यावर आपलं जमणार नाही, हे मी धरून चाललोय.

बाकी, नव्या स्मार्ट मीटरचं बिल दीडपट आलं म्हणून परवा तू बोंबलत होतास, भांडण त्यानंतर सुरू झालं. ते काम खाजगी ठेकेदाराचं आहे हे मी मुद्दाम बोललो नव्हतो. तेवढ्यावरून त्याला दोषी धरू नकोस. यंदाचा उन्हाळा आणि तुझा नवा एसी दोन्ही बघ. तरी शंका असेल तर उपविभागात लेखी अर्ज दे, जोडीला तपासणीचा चेक मीटर लावून मागच्या बारा महिन्यांचे युनिट ताडून बघायला सांग, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. बिलाचा फोटो मलाही पाठव, मी बघतो.

वहिनींना नमस्कार. गणपतीला येणार असशील तर आधी कळव, तुझी ती बिनसाखरेची चहा पावडर आणून ठेवायला हवी.

तुझा,
आन्या