तक्त्यातली सव्विसावी ओळ

सिडको, नाशिक

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

ठाण्यात घर घ्यावं की नाशिकला, याचा तू पाठवलेला एक्सेलचा तक्ता बाबांनी झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणला. चार पानं झाली. दोन दिवस ती जेवायच्या टेबलावर आहेत आणि एका पानावर वरणाचा डाग पडला आहे, म्हणजे नीट वाचली गेली असं समज.

बाबा म्हणाले, पोरानं हिशोब चोख केलाय. केला आहेसच. घोडबंदर रोडचा फ्लॅट 1 कोटी 20 लाखांचा, पाथर्डी फाट्याचा 48 लाखांचा. वीस टक्के आपले घालून बाकीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर तिकडे महिन्याला 83 हजारांचा हप्ता, इकडे 33 हजारांचा. मी कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा करून पाहिलं, बरोबर आहे. ठाण्याच्या 96 लाखांच्या कर्जाचे वीस वर्षांत 2 कोटी फेडावे लागतात हे मात्र तू लिहिलं नव्हतंस, ते मी पेन्सिलीनं लिहिलं. महिन्याला पन्नास हजार वाचत असतील तर माणूस नाशिकचाच विचार करणार. शिवाय आम्ही दोघं इथे, ओवीला आजी-आजोबा, शाळेची फी कमी, हेही सगळं मांडलं आहेस.

मग सव्विसावी ओळ आली. "मृणाल – प्रॅक्टिस नाशिकला सुरू करेल." पुढचा रकाना, सुनेच्या कमाईचा, कोरा.

तिथे मी थांबले. आपल्या घराच्या बाबतीत असा एक रकाना 1993 सालापासून कोरा आहे आणि मी तो कधी कुणाला दाखवला नाही. आज दाखवते.

तुला वाटतं, बाबांनी दूरदृष्टीनं डोंबिवली सोडली आणि सिडकोत घर घेतलं. खरं आहे ते. डोंबिवलीत तेवढ्या पैशांत एक खोली आली असती, तीही चौथ्या मजल्यावर आणि पाणी तळमजल्यावरून भरायचं. इथे पुढे-मागे हातभर जागा, तुळस लावता आली, तुला सायकल शिकता आली. बाबांचं ऑफिस मात्र फोर्टातच राहिलं. पंचवटी एक्स्प्रेस होती ना. 1975 पासून धावतेय, सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, संध्याकाळी सव्वासहाच्या पुढेमागे सीएसटीहून परत. 187 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. तेव्हा सगळे म्हणायचे, पास काढा, बसा, झोपा, पोहोचाल.

ते साडेपाचला उठायचे म्हणजे मी पावणेपाचला उठायची. रात्री पावणेदहाला गाडी लागली तरी नाशिकरोडहून घरी यायला साडेदहा. तू झोपलेला असायचास. कसाऱ्याला मालगाडी अडकली की साडेअकरा-बारा. 26 जुलै 2005 ला तर ते तिसऱ्या दिवशी घरी आले, अंगावर कुणाचा तरी शर्ट होता. ते तुला आठवत असेल, कारण त्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्यावर ओरडलास की बाबांना फोन का लागत नाही.

परवा तुझा तक्ता बघून मीही एक हिशोब केला. घरातून निघून घरी येईपर्यंत प्रवासातच रोजचे आठ तास धर. वर्षाला 280 दिवस. एकोणीस वर्षं. 42,560 तास होतात. त्याचे दिवस केले तर 1,773. म्हणजे बाबांच्या आयुष्यातली जवळजवळ पाच वर्षं, रात्रंदिवस, गाडीत गेली. मी हे त्यांना दाखवलं तर ते काय म्हणाले माहीत आहे? "पण मजा यायची गं."

यायचीच! दसऱ्याला इंजिनाला हार, डब्यात पत्त्यांचा अड्डा, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पेढे, भजनं. पासवाल्यांचा डबा म्हणजे एक गल्लीच होती, आणि बाबा त्या गल्लीत राहायचे. आपल्या गल्लीत मी राहायचे. 2012 ला रिटायर झाल्यावर ते पहिल्यांदा सकाळी आठला दूध घ्यायला दारात उभे राहिले, तेव्हा दूधवाल्यानं विचारलं, "काका, नवीन भाडेकरू का?" आपण हसलो होतो. मी आत जाऊन थोडं रडलेही होते, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि माझं काय, तर मी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होते. कायम नोकरी होती, पेन्शनची. तू दोन वर्षांचा, बाबा सोळा तास बाहेर, मग रोज दोघांनी गाडीत बसायचं तर तुला कोण बघणार? मी राजीनामा दिला. तेव्हा कुणी मला जबरदस्ती केली नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू उगाच बाबांशी भांडशील. पण घर स्वस्त पडलं ते का, याचा हिशोब त्या वेळी कुणी मांडला असता तर त्यात माझा पगार आणि माझी पेन्शन धरावी लागली असती. मग ते घर तेवढं स्वस्त दिसलं नसतं. कदाचित तरीही आपण तेच घेतलं असतं. पण आकडा समोर ठेवून घेतलं असतं.

मृणालनं ठाण्यात सात वर्षांत पेशंट जोडलेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं तिचं नाव सांगत येतात, हे मी स्वतः तुमच्याकडे राहून पाहिलं आहे. इथे ती नवीन. इथे फिजिओथेरपिस्ट कमी आहेत असं नाही, डॉक्टरांच्या ओळखी लागतात, जागा लागते, दोन-तीन वर्षं जातात. "सुरू करेल" हे तिनं म्हटलंय की तू?

आता नाशिकचंही ऐक, कारण तू इथून गेलास त्याला बारा वर्षं झाली आणि तुझ्या डोक्यातलं नाशिक अजून तेच आहे. हवा अजून चांगली आहे, मुंबईतून आलेला पाहुणा पहिल्या रात्री छान झोपतो. थंडीत निफाडचा पारा पेपरात आला की इथेही शाल निघते. गंगापूर धरणाचं पाणी आहे, माझ्या नळाला रोज येतं. पण द्वारका सर्कलला संध्याकाळी सहाला उभा राहून बघ. मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर जातं. रुंद केलेल्या रस्त्यांवरची वडाची झाडं गेली, आता सिंहस्थासाठी तपोवनातल्या झाडांवरून भांडण झालं, ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. टायरवर धावणारी मेट्रो 2021 च्या केंद्राच्या बजेटमध्ये जाहीर झाली, बाबांनी तेव्हा पेढे आणायचे बाकी ठेवले होते, बरं झालं आणले नाहीत. सिटीलिंकच्या बस जुलै 2021 पासून आहेत, मी त्यांनीच फिरते, पण पाथर्डी फाट्याहून कुठेही वेळेत पोहोचायचं तर तुला दुचाकी आणि मृणालला दुचाकी लागेलच. तो खर्च तक्त्यात घाल.

ठाण्याला अडीच तासांत पोहोचेन असं तू लिहिलंयस. समृद्धीचा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे 76 किलोमीटर, 5 जून 2025 ला सुरू झाला आणि घाट चुकतो हे मान्य. शेजारचा मुलगा त्याच रस्त्यानं जातो. तो म्हणतो, घोटीपर्यंत जुनाच महामार्ग, मग बोगदा मस्त, आणि आमण्याला उतरलं की भिवंडीपासून माजिवड्यापर्यंत पुन्हा आपलं नशीब. सध्या कंपनी आठवड्यातून दोनच दिवस बोलावते. उद्या पाच दिवस बोलावलं तर? तू म्हणशील बोलावणार नाहीत. बाबांच्या साहेबांनीही एकदा त्यांना नाशिकला बदली देतो म्हटलं होतं.

तरी घ्यायचंच ठरलं तर काही गोष्टी माझ्याकडून ऐक, कारण ब्रोकर त्या सांगणार नाही. तू यादीत गंगापूर रोडचा तो "रिव्हर व्ह्यू"वाला पर्यायही टाकला आहेस. नदी दिसते म्हणजे नदीलाही तू दिसतोस. 2 ऑगस्ट 2016 च्या पुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तेव्हा अशा इमारतींच्या पार्किंगमधल्या गाड्या तरंगत होत्या. पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघायला मिळतो, तो स्वतः बघ. नासर्डी नदीच्या काठालाही तेच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलंस तर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला लागतो. आणि घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. 48 लाखांवर 48 हजार. हे वाचून बाबा म्हणाले, तू स्वतःच्या सुनेचं भलं बघतेस. बघतेच.

आणि 2027 चा सिंहस्थ होऊन जाऊ दे. सध्या कुंभाच्या नावावर सगळे भाव सांगताहेत, रस्ते खणलेले, प्रत्येक बिल्डर म्हणतो "कुंभानंतर दुप्पट". 2015 च्या आधीही असंच म्हणत होते.

आम्हाला तुम्ही इथे आलेले हवे आहात, यात काही लपवायचं नाही. ओवी रोज संध्याकाळी माझ्यासोबत भाजी आणायला येईल, या विचारानं मी पिशवीसुद्धा छोटी शोधून ठेवली. पण तक्त्यातल्या चौदाव्या ओळीत "पाळणाघर – शून्य" असं लिहिलंयस, ते मी खोडलं. मी 66 वर्षांची आहे, माझे गुडघे मृणालला विचार. रोज चार तास सांभाळीन, आनंदानं. नऊ ते सात नाही. त्या ओळीत निम्मं पाळणाघर धर.

तर माझं म्हणणं असं, की लगेच काही विकत घेऊ नकोस. वर्षभर भाड्यानं राहून बघा. एक उन्हाळा, एक पावसाळा, तुझे सगळे मंगळवार-बुधवार ठाण्याचे. मृणालनं इथे आठवड्यातून तीन दिवस कुठल्यातरी हॉस्पिटलात बसून बघावं, बाकी ठाण्याचे जुने पेशंट जमतील तेवढे व्हिडिओवर किंवा जाऊन. ठाण्याची भाड्याची जागा सोडावी लागेल आणि ओवीची शाळा अर्धवट होईल, ते त्रासाचं आहे, मला कळतं. पण वीस वर्षांचा हप्ता घेऊन मग कळण्यापेक्षा ते स्वस्त आहे. आणि वर्षानंतर तुम्ही परत ठाण्याला गेलात तर मी रुसणार नाही. बाबा रुसतील, त्यांचं मी बघते.

मागच्या गल्लीतल्या देशमुखबाईंचा वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. महिना 11 हजार, अनामत 40 हजार. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, त्यामुळे सकाळी प्रार्थना ऐकू येते, कुणाला त्याचा त्रास होतो, तुम्ही बघा. पाण्याचा दाब मी दुपारी दोनला जाऊन पाहिला, ठीक आहे. त्यांच्याकडे आणखी एकजण विचारून गेलाय. मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

शनिवारी या. एकटा येऊ नकोस. आणि सव्विसाव्या ओळीपुढचा आकडा तू भरू नकोस, तो कागद मी मृणालच्या हातात देणार आहे.

तुझी आई