तुझंच खरं निघालं

प्रिय दोस्ता,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? घरात सांगितलं तर म्हणतात, बेस गिटार ऐकू तरी येते का कुणाला! तब्येत ठीक. पाठ अधूनमधून कुरकुरते.

तू म्हणायचास ना, आवाज हातात असतो, पेडलमध्ये नाही? तर झालं असं. सहा गाणी रेकॉर्ड केली. प्रत्येक गाण्याला आवाजाचा रंग बदलणारं वेगळं पेडल, नॉब वेगळे, सगळं वहीत टिपून ठेवलेलं. तुला माझी वही माहीत आहेच. रेकॉर्डिस्टने बाकीची वाद्यं बंद केली आणि नुसता बेस ऐकवायला लागला. या गाण्यातून त्या गाण्यात उड्या मारत. जरा वेळाने शांतपणे विचारलं, "हे सगळं एकच गाणं आहे का?" मी हसलो. नंतर ऐकलं आणि हसू गेलं. वरचा रंग बदलत होता, पण सहाही गाण्यांत प्रत्येक सूर सुरू व्हायचा तो तसाच. ठुम्. ठुम्. दार वाजवल्यासारखा.

खरी लाज पुढेच आहे. आपल्या ड्रमरची मुलगी तिथे बसली होती. तीच, जी तुझ्या अँपच्या खोक्यावर रंगीत खडूने मांजर काढायची. तिने माझा बेस मांडीवर घेतला, एकाही नॉबला हात लावला नाही आणि एकच ओळ चार वेळा वाजवली. आधी नेक, म्हणजे बेसची मान, संपते तिथे, अंगठ्याच्या मांसल भागाने: गोल, पोटातून आलेला आवाज. मग ब्रिजला, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या पट्टीला, खेटून दोन बोटांनी: नाकातला, टोकदार. मग तळव्याची कड ब्रिजवर टेकवून अंगठ्याने: ढुप्, सूर उमटला की लगेच विझला. चौथ्या वेळी उजवा हात तिथेच, फक्त डाव्याची जागा बदलली. मी 'जी' सुराची तार मोकळी, म्हणजे न दाबता, वाजवतो, तिने तोच सूर सगळ्यात जाड तारेवर पंधराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पंधराव्या पट्टीवर, घेतला. सूर तोच, पण घोंगडी पांघरून आलेला!

मला तुझा फळा आठवला. तार मधोमध छेडली की मूळ सूर भरभक्कम आणि सम क्रमांकाचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर, गप्प. टोकाकडे सरकावं तसे वरचे उपस्वर डोकं काढतात. तू फळ्यावर थरथरत्या तारेचे फुगे काढून दाखवायचास आणि मी म्हणायचो, "वाजवायचंय की प्रयोगवही भरायचीय?" जुना बेसवाला जेमरसन एका तर्जनीने वाजवायचा आणि तारा बदलायचा नाही, हे तूच सांगितलंस. मी त्यातलं तारा न बदलणं तेवढं उचललं. दुसरा बेसवाला जाको ब्रिजपाशी वाजवायचा, तो आवाज हाताचा गुण की बेसचा, यावरून आपण पंधरा दिवस बोलत नव्हतो. तो वाद तू जिंकलास, घे. पण पिकला, तार छेडायच्या त्या चकतीला, तू 'चीटिंग' म्हणायचास आणि कॅरल के सारखी नावाजलेली बेसवादक पिकनेच वाजवते म्हटल्यावर तोंड पाडून बसला होतास. तो गुण माझाच.

आता रडगाणं. माझा अंगठा वीस वर्षं पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीच्या, त्याच कडेवर बसलाय, तिथलं पॉलिशसुद्धा गेलंय. तार ३४ इंचांची, आणि त्यातली माझ्या बोटांनी पाहिलेली जागा दोन इंच. अंगठा उचलून ब्रिजकडे जातो तर तारा तिथे ताठ लागतात, मी जोर करतो आणि लय पळते. नेककडे येतो तर ई ची, म्हणजे सगळ्यात जाड, तार मागे गुणगुणत राहते, कारण पिकअपवरून तिला टेकून गप्प ठेवणारा अंगठाच जागेवर नसतो. अँप वाढवून बोटं हलकी ठेवायला बघतो. आवाज खरंच भरतो, फ्रेटवरची खडखड जाते. पण दोन ओळींत हात पुन्हा आपटायला लागतो. हळू वाजवलं की मला वाटतं, मी नाहीच आहे. हे कुणाला सांगू नकोस.

सहाही गाणी पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवून देतो असं मीच फुशारकीत कबूल केलंय. रोज रात्री पेडल न लावता एकच जी वाजवत बसतो: नेकपासून ब्रिजपर्यंत बोटभर बोटभर सरकत. काल मध्येच कुठेतरी एक असा आवाज लागला की मी दचकून मागे पाहिलं. पुन्हा सापडला नाही.

बदली झाली म्हणे तुझी? छानच. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? वहिनींना नमस्कार, धाकट्याचा निकाल कळव.

आणि कपाटावरचा बेस खाली काढ. पाचव्या फ्रेटवरचा जी, नेकपाशी, तुझ्या त्या जाड अंगठ्याने. फोनवर रेकॉर्ड करून पाठव, कसाही चालेल. "सांगितलं होतं ना" हे म्हणायची परवानगी आहे, पण एकदाच.

तुझाच,
ठुम्