फोन तोडून ओढ कमी होत नाही

महोदय,

परगावी शिकायला गेलेल्या मुलांना घराची आठवण का छळते, यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. सुरुवातीचे काही महिने घरी फोन कमी करावेत, हा त्यातला सल्ला मात्र पटला नाही. महाराष्ट्रातून इथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात येणारी मुले आमच्याकडे भाड्याने राहतात. डाळीतल्या गुळाबद्दल ती कुरकुरतातच (ते पुढे आपोआप थांबते), पण खरा त्रास संध्याकाळी होतो. दिवसभरात मनमोकळे मराठी बोलणे झालेले नसते. अशा वेळी फोनही काढून घ्यायचा? त्यापेक्षा नव्या गावात हक्काने जाऊन बसता येईल अशी एखादी जागा दाखवा. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय १९१० पासून आहे, तिथे मराठी पुस्तकेही आहेत. २०१८ मध्ये तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात झाले. तरी वर्षभर राहिलेल्या मुलांनाही ग्रंथालय कुठे आहे ते ठाऊक नसते. वसतिगृहांनी प्रवेशाच्या वेळी नियमांच्या लांबलचक पत्रकासोबत एवढी माहिती द्यावी, आणि इथल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातल्या नाटकांच्या तालमींना या मुलांना आवर्जून बोलवावे.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा